चिंगी घरची झाली

कुत्रे पाळायचे म्हटले की डोळ्यांसमोर येते ते पिल्लू. गोल पोटाचे, कान पडलेले, पायात पाय अडकून पडणारे. मुलांना तेच हवे असते आणि मोठ्यांनाही वाटते की, लहानपणापासून वाढवले म्हणजे ते आपल्या वळणाचे होईल. पण ज्याला कुणी आधी पाळले आणि मग सोडून दिले, किंवा रस्त्यावर जखमी सापडले म्हणून कुणी निवाऱ्यात आणून बरे केले, अशा पाच-सहा वर्षांच्या कुत्र्याकडे कुणी वळून पाहत नाही. आमच्या घरी मात्र असेच एक मोठ्या वयाचे कुत्रे आले. जानेवारी २०२५ पासून ती आमच्याकडे आहे. तिचे नाव चिंगी.

कुत्र्यांविषयीची पुस्तके बहुधा बंगल्यात राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपली घरे लहान, माणसे पाळीवर जाणारी, शेजार भिंतीला भिंत लागून. म्हणून आम्ही जे पाहिले आणि जे शिकलो ते आपल्या कुटुंबांसाठी लिहीत आहे.

विक्रोळीला तिसऱ्या मजल्यावर आमची २२५ चौरस फुटांची खोली आहे. घरात पाच माणसे. मी रुग्णालयात आया आहे, आमचे हे बसच्या आगारात मेकॅनिक आहेत. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला जाते, मुलगा शाळेत आहे. आणि सासूबाई. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या काठी टेकत चालतात. आम्ही सगळे कामावर, शाळेत गेलो की दिवसभर त्या एकट्याच असतात.

कुत्र्याचा विषय मुलाने काढला. त्याला अर्थातच पिल्लू हवे होते. मुलगी म्हणाली, "पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. दात येताना ते चपला, वायरी, पुस्तकं सगळं चावतं. हे कोण बघणार? आजी?" तिचे म्हणणे खरे होते. शिवाय लस पूर्ण होण्याआधी पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाला तर लहान पिल्लू पाहता पाहता जाते. मोठ्या कुत्र्याचे तसे नसते. त्याची उंची-जाडी जेवढी व्हायची तेवढी झालेली असते. ते शांत आहे की अंगावर येणारे, मुलांत रमते की नाही, एकटे राहते की नाही, हे आधी पाहता येते. पिल्लू म्हणजे न उघडलेले पाकीट. मोठे कुत्रे म्हणजे वाचता येईल असे पत्र, फक्त वाचायला वेळ द्यावा लागतो.

आम्हा चौघांचे जमले, पण सासूबाईंनी साफ नकार दिला. "कुत्रं घरात आलं तर मी गावाला जाईन." कारण काही सांगितले नाही. मुलीने त्यांना एक जुना फोटो दाखवला. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाबांचं घर मोठं होतं. आपल्याकडं माणसाला पाय पसरायला जागा नाय." आम्ही सगळे हसलो, पण त्या हसल्या नाहीत. तेव्हा हे म्हणाले, "आईचा होकार आल्याशिवाय आणायचं नाही. घरात एकाच्या जिवाला घोर लावून दुसऱ्याची हौस करायची नाही." विषय तिथेच थांबला.

तीन-चार महिन्यांनी सासूबाई आपणहून मुलाला म्हणाल्या, "बघून तर या. पण माझ्या कॉटजवळ यायचं नाय त्यानं." नातवाचे तोंड पाहून त्या एवढे बोलल्या असाव्यात.

डोंबिवलीच्या पुढे काही तरुण मुले-मुली एक निवारा चालवतात असे मुलीला दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून कळले होते. २०२४ ची दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही तिथे गेलो. जाळीच्या खोल्यांत पन्नासेक कुत्री होती. आम्हाला पाहताच त्यांनी एकच गलका केला. पहिल्याच जाळीत सोनेरी रंगाचा लॅब्राडोर होता. देखणा, दोन वर्षांचा. मालक परदेशी गेले म्हणून सोडलेला. मुलाने लगेच त्याच्या गळ्यात हात टाकला. पण तिथल्या मुलीने स्पष्ट सांगितले, "काकू, याला रोज दोन तास पळवावं लागतं. तुमच्या खोलीत हा आठ दिवसांत वेडापिसा होईल. सामान फोडेल आणि मग तुम्ही त्याला परत आणाल. दोनदा सोडलेलं कुत्रं तिसऱ्यांदा कुणावर विश्वास ठेवत नाही." तिचा तो सडेतोडपणा मला आवडला. जो निवारा येईल त्याच्या हाती पट्टा देतो, त्याच्यापेक्षा जो चार प्रश्न विचारतो तो बरा.

तिने आम्हाला विचारले, घरात किती माणसे, म्हातारे कोण, लहान कोण, दिवसभर घरी कोण असते, जिने किती, घर भाड्याचे की स्वतःचे. मग आम्ही विचारले. मुलीने कागदावर प्रश्न लिहूनच आणले होते. जेवताना थाळीजवळ हात नेला तर गुरगुरते का? लहान मुलांबरोबर कसे वागते? जिना चढते का? रात्री भुंकते का? एकटे ठेवले तर रडते का? नसबंदी झाली आहे का? रेबीजची लस कधी दिली? गोचिडतापाची रक्ततपासणी केली का? दात कसे आहेत? कुत्र्याचे वय दातांवरून अंदाजाने सांगतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे दात खराब असले तर खर्च वाढतो, म्हणून तेही विचारायचे.

शेवटच्या जाळीत चिंगी होती. तांबूस अंग, पांढरे पंजे, नाकाभोवती थोडे पांढरे केस. आपल्या वस्तीत असतात तशीच गावठी. एका कानाचे टोक कापलेले, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती, ही मागे भिंतीला टेकून बसली होती. भुंकली नाही, पुढेही आली नाही. नुसती पाहत होती.

तिची हकिगत कळली ती अशी. एका चाळीत एका कुटुंबाने तिला पाळले होते. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. कुटुंब भाड्याच्या खोलीत गेले आणि त्या घरमालकाने जनावर चालणार नाही अशी अट घातली. चिंगी मागे राहिली. चाळ पाडली तरी ती त्या ढिगाऱ्यावरच बसून राहायची. कामावरचे पहारेकरी काठीने हाकलायचे, ती पुन्हा यायची. शेवटी कुणीतरी निवाऱ्याला फोन केला. ज्यांनी तिला सोडले त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलली नाही. घर हलवताना आपल्या माणसांच्या हातात किती कमी गोष्टी असतात, हे आपण जाणतो.

पण वाचकहो, एक गोष्ट सांगते. दया आली म्हणून कुत्रे निवडू नये. दया सगळ्यांचीच येते. घराला कोणते कुत्रे जमेल आणि कुत्र्याला कोणते घर जमेल, हे पाहायचे. म्हणून आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा फक्त बसलो. दुसऱ्यांदा तिला पट्टा लावून बाहेर रस्त्यावर फिरवली. रिक्षा, सायकल, शाळेची पोरे, दुसरी कुत्री यांच्यापुढे कशी वागते ते पाहिले. रिक्षाला दचकली नाही, पोरांना पाहून शेपूट हलवली, दुसरे कुत्रे आले तेव्हा माझ्या पायामागे झाली. तिसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन गेलो. त्या दहा हात लांब खुर्चीवर बसल्या, काठी मांडीवर आडवी धरून. चिंगीने त्यांच्याकडे पाहिले आणि जागेवरच खाली बसली. बराच वेळ दोघी एकमेकींना नुसत्या न्याहाळत राहिल्या. निघताना सासूबाई म्हणाल्या, "ही हावरी नाय."

त्याच आठवड्यात आणली असती, पण निवाऱ्यातल्या मुलीने सांगितले की लग्नाच्या वराती आणि एकतीस डिसेंबरचे फटाके होऊन जाऊ द्या, नवीन जागेत पहिले दिवस शांत असावेत. म्हणून जानेवारी उजाडू दिला. तेवढ्यात घराची तयारी केली. गॅलरीच्या ग्रिलच्या खालच्या फटीला जाळी बांधली. उंदराचे औषध, फिनेल, डासांची अगरबत्ती वरच्या फळीवर ठेवली. मोरीच्या बाजूला, माणसांच्या येण्याजाण्यात येणार नाही अशा कोपऱ्यात गोणपाटावर जुनी गोधडी घातली. पाण्यासाठी जर्मनचे भांडे, जेवणासाठी थाळी. गळ्याचा पट्टा आणि छातीला बांधायचा पट्टा, असे दोन्ही घेतले. नवे कुत्रे घाबरून मान मागे ओढते आणि गळ्याचा पट्टा सटकतो. असे कुत्रे अनोळखी वस्तीत पळाले तर सापडणे कठीण. पट्ट्याला एक पत्र्याची चकती लावून तिच्यावर आमचा फोन नंबर कोरून घेतला.

निवारा चालवणारे लोक एक हिशेब सांगतात. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे. हा काही कायदा नव्हे, कुणाला कमी लागतात, कुणाला वर्षही लागते. पण माणसाला धीर धरायला हा हिशेब उपयोगी पडतो.

पहिल्या दिवशी चिंगी घरात शिरली ती थेट कॉटखाली. सासूबाईंच्याच! जवळ यायचे नाही म्हणून बजावलेली तीच ती कॉट. सासूबाई पाय वर घेऊन बसून राहिल्या. चिंगीने त्या दिवशी काही खाल्ले नाही, रात्रीपर्यंत लघवीही केली नाही. घाबरलेले कुत्रे असे करते. पाणी पीत असेल तर एक दिवस वाट पाहावी, दुसऱ्या दिवशीही काही खाल्ले नाही किंवा लघवी झाली नाही तर डॉक्टर गाठावा. आम्ही तिला ओढून बाहेर काढले नाही, आंघोळ घातली नाही, मिठ्या मारल्या नाहीत. चाळीची सवय, शेजारच्या बायका-पोरे "बघू, बघू" करत दारात आली. ह्यांनी हात जोडून सांगितले, "आठ दिवस थांबा, मग सगळ्यांची ओळख करून देतो." मुलगा कॉटकडे पाठ करून जमिनीवर बसायचा आणि इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायचा. डोळ्यात डोळे घालून पाहिले की कुत्र्याला ते आव्हान वाटते. पाठ केली की भीती कमी होते. दुसऱ्या दिवशी रात्री तिचे नाक मुलाच्या पाठीला लागले. तो हलला नाही. तेवढे त्याला बरोबर समजले.

घराची रीत लावायची तर वेळा ठरवाव्या लागतात. सकाळी सहाला मी, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगा, रात्री दहाला हे किंवा मुलगी. त्याच वेळा, तीच जागा. बाहेर केले की लगेच एक बिस्किटाचा तुकडा. घरात केले तर ओरडायचे नाही, नाक घासायचे नाही, मुकाट्याने पुसून टाकायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती वेळ झाली की दाराशी जाऊन उभी राहू लागली. मोठ्या कुत्र्याचा हा फायदा. त्याला पूर्वी घर माहीत असेल तर त्याला फक्त आठवण करून द्यावी लागते.

खाणे साधे. भात, त्यात कोंबडीच्या दुकानातून आणलेल्या माना-पाय उकडून हाडे काढलेले मांस, कधी अंडे, कधी दही-भात. मीठ नावापुरते, मसाला अजिबात नाही. शिजवलेली हाडे घालू नयेत, त्यांच्या कपच्या आतड्याला लागतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका या गोष्टी कुत्र्याला विषासारख्या. म्हणून आपल्या रश्शाचे उरलेले तिला देत नाही. खाणे, लस, जंताचे औषध, गोचिडांचे औषध असे सगळे मिळून आम्हाला महिन्याला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. ज्यांना एवढे झेपत नसेल त्यांनी मन मारून थांबलेले बरे. आजारपण आले तर जास्त लागतात. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे, हे मुंबईतल्या आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

आता जे खरे कठीण गेले ते सांगते. तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला सासूबाई मोरीकडे जायला उठल्या. अंधारात त्यांनी काठी उचलली आणि फरशीवर टेकली. टक् असा आवाज झाला मात्र, चिंगी कोपऱ्यातून उठली, भिंतीला चिकटली, दात दाखवून गुरगुरू लागली आणि उभ्या जागी तिची लघवी झाली. सासूबाई ओरडल्या. सगळे घर जागे झाले. चावली नाही, अंगावरही आली नाही. पण सासूबाई थरथरत होत्या आणि चिंगीही थरथरत होती.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही सगळे बसलो. हे म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं. परत सोडून येऊ." मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी मी कधी ऐकले नव्हते.

खेड तालुक्यातले त्यांचे माहेर. सात-आठ वर्षांच्या असताना आईबरोबर खोताच्या वाड्यावर जायच्या, कामाचे धान्य मागायला. अंगणात पाय ठेवायचा नाही, लांबून हाक मारायची. एकदा हाक मारली ती वाड्यातल्या कुणाला आवडली नाही. त्याने साखळी सोडली. दोन कुत्री आली. आई पाठमोरी होऊन लेकीवर वाकली. आईच्या पोटरीचा लचका गेला आणि वरून वाड्यात हसण्याचा आवाज आला. "आमच्या गावात त्या कुत्र्यांना दूध-भाकर होती," सासूबाई म्हणाल्या, "आणि आम्हाला पाणी वरून ओतायचे."

कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. चहा तसाच निवला. मुलगी म्हणाली, "आजी, मग आपण तिला परत देऊ."

सासूबाई चिंगीकडे पाहत होत्या. ती कोपऱ्यात तोंड पंज्यांवर ठेवून पडली होती. त्या म्हणाल्या, "त्या कुत्र्यांना तरी काय कळत होतं? साखळी सोडणारा हात माणसाचा होता. आणि हिला काठीनं मारणारा हातपण माणसाचाच. तिला माझ्या काठीची भीती, मला तिच्या दातांची. राहू दे तिला. बघू कोण आधी भीती सोडतं."

त्या दिवशी मुलीने निवाऱ्याला फोन करून विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका. गुरगुरणे म्हणजे त्याचे बोलणे आहे, "मला भीती वाटते, लांब राहा." त्याबद्दल मार बसला तर ते गुरगुरणे सोडते आणि पुढच्या वेळी न सांगता चावते. दुसरी गोष्ट, ज्या वस्तूची भीती आहे ती लपवू नका, पण अंगावरही आणू नका. लांबून, थोडीथोडी, आणि प्रत्येक वेळी काहीतरी चांगले देऊन ओळख करून द्या.

मग घरात काठीची शाळा सुरू झाली. आधी आम्ही काठीच्या टोकाला रबरी बूच बसवले, त्याने टक् आवाज बंद झाला. सासूबाई कॉटवर बसायच्या आणि काठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर आडवी ठेवायची. तिच्यापासून चार हातांवर उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा. चिंगीने तो उचलला की दुसरा. रोज पाच मिनिटे, जास्त नाही. चार दिवसांनी तुकडा एक हात जवळ. ती अडली, कान मागे टाकले, जीभ नाकावर फिरवली, तोंड वळवले, की आम्ही पुन्हा मागे यायचो. पंधरा-वीस दिवसांनी तिने काठीला लागून पडलेला तुकडा खाल्ला. मग काठी उभी, भिंतीला टेकवून. मग सासूबाईंच्या हातात, पण त्या बसलेल्या. मग उभ्या. मग दोन पावले. सगळे मिळून दोन महिन्यांच्या वर लागले. तुकडे टाकायचे काम सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडून काढून घेतले. "तुम्ही घाई करता," म्हणाल्या.

आजही रात्री काठी हलली की चिंगी उठते आणि बाजूला होते. पूर्ण गेले नाही, कदाचित जाणारही नाही. पण गुरगुरत नाही. सासूबाई मोरीतून परत येईपर्यंत उभी राहते आणि त्या कॉटवर टेकल्या की मग आडवी होते. सासूबाईही अजून तिच्या तोंडाजवळ हात नेत नाहीत, पाठीवरूनच फिरवतात. दोघींनी आपापली हद्द ठरवून घेतली आहे.

तीन महिने भरले आणि एप्रिल आला. चौदा एप्रिलचा आनंद आपल्याला सांगायला नको. पण तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता स्पीकर आणि फटाके सुरू होतात. कुत्र्याचे कान माणसापेक्षा फार तिखट असतात. अशा रात्री बिथरून पळालेली पाळीव कुत्री सकाळी रेल्वे रुळांवर सापडतात. आम्ही तिला संध्याकाळी लवकर फिरवून आणले, पोटभर खाऊ घातले, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला. सर्वांत आतली जागा मोरी, तिथे गोधडी टाकली. दोन्ही पट्टे अंगावरच ठेवले. मुलाने मंडळातल्या पोरांना आदल्या दिवशी विनंती केली होती. त्यांनी स्पीकरची तोंडे इमारतीकडून मैदानाकडे वळवली. वर म्हणाले, "आमच्या आज्यांनापण बरं पडेल." आम्ही अभिवादनाला खाली गेलो. सासूबाई म्हणाल्या, "मी सकाळी जाईन, पोरीजवळ थांबते." पोरीजवळ, असे म्हणाल्या.

शेजाऱ्यांविषयीही सांगायला हवे. इमारतीत दोघा-तिघांनी कुरकुर केली. केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मुंबईत पाळीव कुत्र्याचा पालिकेचा परवाना काढावा लागतो, तोही आम्ही काढला. पण शेजाऱ्याच्या तोंडावर कायदा फेकून संबंध सुधारत नाहीत. जिन्यात पट्टा आखूड धरायचा, समोरून कुणी आले तर थांबायचे, रस्त्यावर केलेले रद्दी पेपरात उचलून कचऱ्यात टाकायचे. हे दोन महिने रोज दिसले तेव्हा कुरकुर आपोआप थांबली.

आरोग्याच्या बाबतीत कुचराई नको. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला, दरवर्षी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, म्हणून कुठलेही कुत्रे चावले, ओरखडले किंवा उघड्या जखमेवर चाटले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. हळद, चुना, तिखट असले काही भरायचे नाही. आपल्या वस्तीत आजही हे उपाय चालतात, म्हणून मुद्दाम लिहिते. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये, त्याची लस टोचून घ्यावी आणि घरी आल्यावर पाय पुसून कान, बोटांच्या फटी गोचिडांसाठी तपासाव्यात.

ऑगस्ट २०२५ मध्ये टीव्हीवर भटक्या कुत्र्यांचीच चर्चा होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडायला सांगितले. पिसाळलेली आणि हल्ला करणारी मात्र सोडायची नाहीत. त्याच आदेशात असेही होते की, ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. मुलीने बातमी वाचून दाखवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय. घ्यायचं तर शेवटपर्यंत."

चिंगीच्या नाकाभोवतीचे पांढरे केस आता डोळ्यांपर्यंत आले आहेत. डॉक्टर म्हणतात, सात-आठ वर्षांची असेल. अजून पाच-सहा वर्षे मिळाली तर पुष्कळ. मोठे कुत्रे आणणाऱ्याने हे आधीच मनाशी धरावे. त्याचे लहानपण आपल्या वाट्याला येत नाही, म्हातारपण मात्र येते. ते कुठे राहिले, कुणी मारले, कुणी सोडले, हे पूर्ण कधी कळत नाही. ते दचकते तेव्हा त्यातले थोडेसे कळते.

आपल्यापैकी कुणाच्या घरी मुले कुत्र्यासाठी हट्ट करत असतील तर एकदा निवाऱ्यात जाऊन मागच्या जाळ्या पाहाव्यात. पहिल्या भेटीत आणू नये. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः जे नको म्हणतात त्यांना, बरोबर न्यावे आणि ते नको का म्हणतात हे ऐकून घ्यावे. आणि आणलेच तर तीन महिने त्याच्याकडून काही मागू नये. वेळेवर भात, वेळेवर फिरणे आणि वर न उचललेला हात, एवढे रोज द्यावे.